तीन आणि सात यांची बेरीज

दोन आणि आठ या करण्यांची बेरीज सांग, वजाबाकीही सांग. तीन आणि सत्तावीस यांची सांग. मग तीन आणि सात यांची सांग, पण ती सांगण्याआधी बराच वेळ विचार कर. करणीच्या सहाही क्रिया तुला येतात ना, मित्रा?

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या एका श्लोकाचा हा आशय. चार चरण, तीन जोड्या आणि मित्राला मारलेली एक हाक. नववीच्या वर्गात ‘सरळ रूप द्या’ म्हणून जी गणिते आपण मुलांना घालतो, त्यांचे इतके नेटके, इतके जिव्हाळ्याचे रूप मी दुसरीकडे पाहिलेले नाही. कवितेचे रसग्रहण करतो तसे या श्लोकाचे आणि त्याच्या आगेमागे असलेल्या नियमांचे करावे, ही फार दिवसांची इच्छा आहे. हे श्लोक खरोखरच तेवढ्या योग्यतेचे आहेत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी मजकूर जुन्या मराठीत उतरतो आणि बाजारातल्या मालावरचा कोणता कर मठाला दिला ते सांगतो. पाटण्याच्या बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवर बीजगणिताचा अभ्यास चालत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी राजूरला गणित शिकवतो. अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात, कोल्हार-घोटी रस्त्यावरचे हे गाव. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांवरची, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले इथे शिकायला येतात. भास्कराचार्यांचा सह्याद्री तो आमचाही सह्याद्री. तेव्हा या श्लोकांवर आमच्या मुलांचा हक्क आहे, असे मी धरून चालतो.

आता श्लोकाकडे वळू. आधी करणी म्हणजे काय ते स्पष्ट असावे. ९ चे वर्गमूळ ३, १६ चे ४. पण ८ चे वर्गमूळ पूर्णांकात निघत नाही, अपूर्णांकातही निघत नाही. दशांशात लिहू गेलो तर अंक संपत नाहीत आणि त्यांचा एकच गट पुन्हा पुन्हाही येत नाही. अशा वेळी मूळ काढण्याचा हट्ट सोडून ‘आठचे मूळ’ हेच त्या संख्येचे नाव ठेवायचे. आपण √८ लिहितो, भास्कराचार्य ‘क ८’ लिहितात. ‘क’ हे करणीचे आद्याक्षर. साध्या, व्यक्त संख्येला ते ‘रूप’ म्हणतात आणि ‘रू’ लिहितात. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. √ हे चिन्ह युरोपात क्रिस्टॉफ रुडॉल्फच्या १५२५ च्या पुस्तकात छापले गेले, त्याआधी पावणेचारशे वर्षे ही लिपी आपल्याकडे चालू होती.

बेरजेचा नियम त्यांनी दोन श्लोकांत सांगितला आहे. पहिली रीत अशी. दोन करण्यांची साधी बेरीज करा, तिला ‘महती’ म्हणा. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून दुप्पट करा, त्याला ‘लघु’ म्हणा. मग महती आणि लघु यांची बेरीज-वजाबाकी साध्या संख्यांसारखी करा. जे येईल तीच उत्तराची करणी.

२ आणि ८ घेऊन पाहू. महती १०. गुणाकार १६, त्याचे मूळ ४, दुप्पट ८, हा लघु. बेरीज १८, वजाबाकी २. म्हणजे √८ + √२ = √१८ आणि √८ − √२ = √२.

या रीतीतले सौंदर्य कुठे आहे? √२ किती आणि √८ किती, हे एकदाही विचारावे लागत नाही. दोन्ही संख्या अज्ञातच राहतात आणि तरीही त्यांची बेरीज हातात येते. आजच्या भाषेत सांगायचे तर (√अ + √ब) चा वर्ग अ + ब + २√(अब) होतो. त्यातला अ + ब म्हणजे महती आणि २√(अब) म्हणजे लघु. अब ही पूर्ण वर्गसंख्या असेल तर वर्गमूळचिन्ह गळून पडते आणि सगळे मिळून एकच संख्या होते. नियम वाचताना ही फोड कुठे दिसत नाही, पण नियमाचा प्रत्येक शब्द तिच्यावर उभा आहे. दोन संज्ञांनी एवढे सगळे पेलले आहे.

दुसरी रीत माझ्या अधिक आवडीची. मोठ्या करणीला लहानीने भागा. भागाकाराचे मूळ घ्या. त्यात एक मिळवा, किंवा त्यातून एक वजा करा. जे येईल त्याचा वर्ग करा आणि लहान करणीने गुणा. ३ आणि २७ घ्या. २७ भागिले ३ म्हणजे ९, मूळ ३. एक मिळवून ४, वर्ग १६, तीनने गुणून ४८. एक वजा करून २, वर्ग ४, तीनने गुणून १२. तेव्हा √२७ + √३ = √४८ आणि √२७ − √३ = √१२.

आमच्या नववीच्या मुलांना हे दाखवले की त्यांचे डोळे लगेच चमकतात, कारण ते हेच गणित वेगळ्या वेषात करत असतात. √२७ = √(९ × ३) = ३√३. त्यात √३ मिळवले की ४√३. भास्कराचार्यांनी भागाकार करून मूळ काढले तेव्हा त्यांना तो ‘३’ मिळाला, म्हणजे √२७ मध्ये √३ किती वेळा आहे ते कळले. ‘एक मिळवा’ हा एक म्हणजे स्वतः √३. पाठ्यपुस्तक ज्यांना सजातीय करणी म्हणते, त्यांची ओळख पटवण्याची ही परीक्षाच आहे. २ आणि ८ एका कुळीचे, ३ आणि २७ एका कुळीचे. भागून पाहिले की कुळी कळते.

आणि मग येतात ३ आणि ७.

गुणाकार २१, त्याचे मूळ निघत नाही. भागाकार सात तृतीयांश, त्याचेही मूळ निघत नाही. पहिली रीत इथे अडते, दुसरीही अडते. नियमाच्या अगदी अखेरच्या चरणात भास्कराचार्यांनी याची सोय करून ठेवली आहे: मूळ नसेल तर दोन्ही करण्या वेगवेगळ्या राहू द्याव्यात. तेवढेच. त्यापुढे काही करायचे नाही.

हे दोन श्लोक मोठ्याने म्हणून पाहावेत. आठ चरण आहेत. पहिले सात इंद्रवज्रेचे. प्रत्येकाची सुरुवात गुरू अक्षराने, पाऊल दाबून टाकल्यासारखी: मिळवा, दुप्पट करा, भागा, वर्ग करा. आठवा चरण, जो वेगळे राहू द्या म्हणतो, तो मात्र लघू अक्षराने सुरू होतो आणि उपेंद्रवज्रेचा होतो. एका मात्रेचा फरक. कवीने तो योजला की ‘पृथक्’ हा शब्दच तसा होता म्हणून आपोआप आला, याचा निवाडा मी करणार नाही. संस्कृत कवी ही दोन वृत्ते सर्रास मिसळतात. पण म्हणताना जिभेला तो फरक जाणवतो. सात चरण क्रिया सांगतात आणि आठवा थांबायला सांगतो, तेव्हा त्या ओळीत पाऊल हलके पडते, हे कानाला पटते.

उदाहरणाच्या श्लोकाची रचनाही अशीच डोळसपणे पाहण्यासारखी आहे. सत्तावीस सांगायला तिथे नक्षत्रवाचक ‘भ’ हे एकच अक्षर योजले आहे, कारण नक्षत्रे सत्तावीस. पहिल्या दोन जोड्या दोन चरणांत उरकल्या आहेत. तिसऱ्या जोडीला मात्र ‘खूप वेळ विचार करून’ ही जोड दिली आहे आणि मित्राला हाक मारली आहे तीही तिथेच. विद्यार्थी पहिल्या दोन जोड्या झरझर सोडवून पुढे आलेला असतो. हात सवयीने चालत असतो. नेमक्या त्याच क्षणी गुरू त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. कठीण आकडेमोड पुढे आहे म्हणून नव्हे, तर पुढे आकडेमोडच नाही म्हणून. ज्या जागी करण्यासारखे काही नसते ती जागा ओळखायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे ज्याने पुष्कळ शिकवले आहे त्यालाच ठाऊक असते.

वर्गात ही जागा कशी येते ते सांगतो. फळ्यावर √३ + √७ लिहिले की निम्म्या वर्गातून एकसुरात उत्तर येते, “रूट दहा!” मग मी शेजारी √९ + √१६ लिहितो. तीन अधिक चार, सात. मुलांच्या रीतीने मात्र √२५, म्हणजे पाच. सात आणि पाच एक कसे? वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी विचारते, “सर, मग उत्तर काय लिहायचं?” मी सांगतो, √३ + √७. त्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, “सर, पण हा तर प्रश्नच झाला.”

“अगं, प्रश्न हेच उत्तर असू शकतं,” मी म्हणालो, “पण ते आहे हे तुला सिद्ध करावं लागेल.”

आणि तिने केले. √३ + √७ चा वर्ग १० + २√२१. ही बेरीज एखाद्याच पूर्णांकाचे मूळ असती, तर हा वर्ग पूर्णांक असायला हवा होता, म्हणजे √२१ परिमेय असायला हवे होते. ते तसे नाही. संपले. प्रश्न तसाच्या तसा उतरवून काढणे आणि तो याहून सोपा होत नाही हे दाखवून तसा ठेवणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. त्यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याला मी गणिताची समज म्हणतो.

इथे कुणी विचारील की √३ म्हणजे १.७३२ आणि √७ म्हणजे २.६४६ असे धरून ४.३७८ हे उत्तर देऊन मोकळे का होऊ नये? भास्कराचार्यांना ही वाटही पूर्ण ठाऊक होती. ‘लीलावती’त त्यांनी एक उदाहरण दिले आहे. काटकोन त्रिकोणाच्या भुज आणि कोटी, म्हणजे काटकोन करणाऱ्या बाजू, दोन्ही सव्वातीन. कर्ण किती? वर्गांची बेरीज १६९ भागिले ८, आणि तिचे मूळ पूर्ण निघत नाही. मग ते जवळचे मूळ काढायची रीत सांगतात: अंश आणि छेद यांच्या गुणाकाराला मोठ्या वर्गसंख्येने गुणा, मूळ घ्या, आणि छेद गुणिले त्या वर्गसंख्येचे मूळ याने भागा. १६९ × ८ = १३५२, त्याला १०,००० ने गुणून १,३५,२०,०००. त्याचे जवळचे मूळ ३६७७, भागिले ८००. म्हणजे ४ पूर्णांक ४७७ छेद ८००. खरा कर्ण ४.५९६१९… आणि हे उत्तर ४.५९६२५. फरक ०.०००१ हूनही कमी.

लीलावती व्यवहाराचे पुस्तक आहे, तिथे जवळचे मूळ चालते. घर बांधताना गवंडी चौरस जोत्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजतो आणि ते जुळले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत असे समजतो. सहा मीटरच्या चौरस जोत्याला त्याची टेप आठ मीटर साडेअठ्ठेचाळीस सेंटीमीटर दाखवते. त्याच्या कामाला तेवढे पुरेसे आहे. पण तोच कर्ण गणितात √७२ आहे, आणि सरळ रूपात ६√२. टेपवरच्या आकड्यातून जोत्याची बाजू सहा मीटर होती हे दिसत नाही. ६√२ मध्ये मात्र सहा समोर उभा असतो, आणि √२ सांगतो की हा चौरसाचा कर्ण आहे. बीजगणितात भास्कराचार्य करणीला दशांशात किंवा अपूर्णांकात ढकलत नाहीत, ते याचसाठी. एकाच लेखणीतून आलेल्या दोन भागांत शिस्तीचे दोन वेगळे नियम पाळलेले आहेत. कुठे अंदाज पुरतो आणि कुठे तो चालत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

बेरजेनंतर गुणाकार येतो आणि तिथे भाषेचा सूर बदललेला दिसतो. गुणक आहे √२ + √३ + √८, गुण्य आहे √३ + ५. इथे ते म्हणतात, गुणाकार लवकर सांग. मघाशी खूप वेळ विचार करायला सांगणारे गुरू आता घाई का करतात? कारण जो बेरीज शिकला आहे त्याला इथे खरेच वेळ लागत नाही. √२ आणि √८ आधीच एकत्र करून √१८ करा. मग सहा गुणाकारांऐवजी चारच उरतात: √४५०, √७५, √५४, आणि √३ गुणिले √३ म्हणजे चक्क ३. पाच ही साधी संख्या करणीबरोबर गुणायला आणायची तर तिचा वर्ग करून, २५ म्हणून आणायची, हाही नियम त्यांनी आधीच दिला आहे.

दुसऱ्या उदाहरणात गुणक √३ + √१२ − ५ असा केला आहे. बाराला इथे सूर्याचे नाव आहे, कारण आदित्य बारा. √३ + √१२ म्हणजे √२७, आपल्या लिहिण्यात ३√३. आता (३√३ − ५)(√३ + ५) करा. ९, अधिक १५√३, वजा ५√३, वजा २५. उरते १०√३ − १६. भास्कराचार्यांच्या लिपीत टिंब दिलेले रू १६ आणि क ३००. पाच पदांचे गणित दोन पदांवर येऊन थांबते. ऋण पाचाला करणीचे रूप देताना त्याचा वर्ग धन येणार आणि चिन्ह हरवणार, ही अडचणही त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. करणी करायची म्हणून वर्ग केला असेल तर ऋणचिन्ह कायम ठेवावे, अशी स्वतंत्र सूचना त्यांनी दिली आहे. ज्या शिक्षकाने पोरांच्या पाट्या तपासल्या आहेत तोच अशी सूचना लिहितो.

भागाकाराचा नियम तर आजच्या पुस्तकातून उचलून घातल्यासारखा वाटतो. छेदात एकाहून जास्त करण्या असतील तर त्यातल्या एकीचे चिन्ह उलटे करा, त्या नव्या संख्येने अंश आणि छेद दोन्ही गुणा, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत हे करत राहा. नववीच्या पुस्तकात यालाच अनुबद्ध जोडीने गुणून छेदाचे परिमेयीकरण करणे म्हणतात. ही युक्ती ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ च्या ग्रंथातही आहे. भास्कराचार्यही ‘एकच उरेपर्यंत’ असे तिचे शेवटचे टोक स्पष्ट सांगतात.

मघाचाच गुणाकार, ३ + √४५० + √७५ + √५४, त्यांनी √१८ + √३ ने भागायला घेतला आहे. √१८ − √३ ने वरखाली गुणा. छेद १८ − ३, म्हणजे १५. वर आठ गुणाकार येतात. पण √१६२ एकदा धन आणि एकदा ऋण येऊन जाते, १५√६ चेही तसेच होते. उरलेली पदे एकत्र केली की ७५ + १५√३. पंधराने भागले की ५ + √३, म्हणजे ज्या गुण्यापासून निघालो तेच. विद्यार्थ्याने हे एकदा हाताने करून पाहावे. आठ पदांच्या गर्दीतून दोन स्वच्छ पदे बाहेर येतात, तेव्हा जो आनंद होतो तो शब्दांत सांगून मिळत नाही.

परिमेयीकरणामागे व्यवहाराचेही कारण आहे. १ ला १.४१४२१३५६ ने हाताने भागणे किती जिकिरीचे, आणि १.४१४२१३५६ चे निम्मे करणे किती सोपे! १/√२ आणि √२/२ एकच. पण दुसरे रूप हाताशी सलोख्याने वागते. आज कॅल्क्युलेटर असला तरी दोन उत्तरे एकच आहेत का हे ओळखायला सर्वांनी एका ठरलेल्या रूपात येणे आवश्यक असते, आणि तो उपयोग कधी जुना होणार नाही.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्ग यांनंतरची सहावी क्रिया, करणीयुक्त संख्येचे वर्गमूळ, हा या प्रकरणाचा कळस आहे. उदाहरण आहे १० + √२४ + √४० + √६०. याचे वर्गमूळ काढायचे. सकृद्दर्शनी वाटते की इथे हात घालायलाच जागा नाही. भास्कराचार्य सांगतात, दहाचा वर्ग करा, १००. त्यातून दोन करण्या, २४ आणि ४०, वजा करा. उरले ३६, मूळ ६. दहात सहा मिळवून निम्मे ८, वजा करून निम्मे २. लहान २ ही मुळातली एक करणी, ती बाजूला ठेवा. मोठा ८ आता दहाच्या जागी. आठाचा वर्ग ६४, उरलेली करणी ६० वजा केली की ४, मूळ २. आठात दोन मिळवून निम्मे ५, वजा करून निम्मे ३. झाले. मूळ आहे √२ + √३ + √५.

किती सुंदर! २, ३ आणि ५, पहिल्या तीन मूळ संख्या, त्या अवजड मुळांच्या आत लपून बसल्या होत्या. पडताळा घ्या: २ + ३ + ५ = १०, आणि दुप्पट गुणाकार २√६, २√१०, २√१५ म्हणजे √२४, √४०, √६०. इथे गंमत अशी की ही तीन पदे एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. √२ + √३ + √५ याहून लहान होत नाही. जे वेगळे राहणारच होते तेच इथे उत्तराच्या जागी बसले आहे.

मग ते मित्राला सावध करतात. आणखी एक उदाहरण: दहा, आणि दात, सिद्ध व हत्ती यांच्याएवढ्या करण्या. दात बत्तीस, सिद्ध चोवीस, दिग्गज आठ. म्हणजे १० + √३२ + √२४ + √८. नियम सोडून तिन्ही करण्यांची बेरीज ६४ एकदमच शंभरातून वजा केली तर ३६ उरतात, मूळ ६, आणि त्यातून √८ + √२ असे मूळ अगदी सहज मिळते. पण हे मूळ खोटे आहे, कारण त्याचा वर्ग केला तर १८ येतात, दिलेली संख्या येत नाही. तीन करण्या असतील तर आधी दोनच वजा करायच्या, आणि इथे कुठल्याही दोन वजा केल्या तरी मूळ निघत नाही. रीत नीट पाळल्याशिवाय मिळालेले सुबक उत्तर धोक्याचे असते, आणि ते मिळाले तरी वर्ग करून पडताळा घ्यावा, हा धडा त्यांनी उदाहरणातच बांधून दिला आहे.

आजची आपली पद्धत आणि भास्कराचार्यांची पद्धत यांत एक फरक आहे आणि तो लक्षात घेतला पाहिजे. ते सगळे आत ढकलतात. ३√२ त्यांच्याकडे क १८ होतो, १५√२ क ४५० राहतो. आपण जमेल तेवढे बाहेर काढतो. त्यांच्या रूपात एक अक्षर आणि एक संख्या, लिहायला आटोपशीर, पाठ करायला सोयीची. आपल्या रूपात √२ उघडा दिसतो, म्हणून कोण कोणाशी मिळवता येईल हे भागाकार न करताच कळते. √४५० आणि √१८ समोर ठेवले तर त्यांचे नाते भागून पाहावे लागते. १५√२ आणि ३√२ लिहिले की नाते लपून राहत नाही. रूपे दोन, हेतू एकच. संख्या कणभरही न बदलता तिला असे रूप द्यायचे, की ज्यांना एकत्र यायचे ते एकत्र येतील आणि ज्यांना यायचे नाही ते स्पष्टपणे वेगळे दिसतील.

सरळ रूप म्हणजे छोटे रूप, असा समज शाळेत फार लवकर पक्का होतो, आणि ‘रूट दहा’ त्या समजातूनच येते. या प्रकरणाचे सगळे सामर्थ्य या समजाच्या विरुद्ध बाजूला आहे. इथे प्रत्येक नियम मिळवण्याची शक्यता तपासतो, प्रत्येक नियमाला थांबण्याची खूण आहे, आणि थांबणे हे अपयश मानलेले नाही. सहा क्रिया शिकवणाऱ्या गुरूने थांबण्यालाही नियमाचा दर्जा दिला, म्हणून मला हे प्रकरण गणिताइतकेच साहित्याचे वाटते. सत्याला धक्का न लावता त्याला सुबक करण्याचा असाच प्रयत्न चांगला कवीही करत असतो.

म्हणून गणित शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांना एक विनंती आहे. करणीचा धडा घेताना सरावाच्या प्रत्येक संचात एक-दोन गणिते अशी ठेवा, ज्यांचे खरे उत्तर ‘आहे तसेच’ असे आहे. त्या उत्तराला पूर्ण गुण द्या, पण एका अटीवर: हे आणखी सोपे का होत नाही, ते दोन ओळींत मुलाने लिहिले पाहिजे. ज्याला त्या दोन ओळी लिहिता येतील, त्याला करणी आली.